बस म्हणेपर्यंत

१

यात दोष कोणाचा, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पहिला कचरूआबांचा, दुसरा बालकिशन शेठजींचा आणि तिसरा कल्याणचा. पहिल्या दोघांना लपायला निदान वय तरी होतं. कल्याण तेवीस वर्षांचा, हातीपायी धड, आणि त्याला सगळं माहीत होतं.

हिवरदरी हे टेंभुर्णीहून आत सात किलोमीटर. गावात नवं काही होत नाही म्हणून जुनं जपायची टूम निघाली. वेस, चावडी, निजामाच्या वेळची एका खोलीची शाळा आणि शेठजींच्या वडिलांचं आडत दुकान, अशा चार जागा ‘ग्रामवारसा’ म्हणून कागदावर चढल्या. चुना घोटून दगडांच्या फटी भरल्या, सागाच्या दारांना तेल पाजलं, बुरुजावर उगवलेला पिंपळ उपटला. समितीचे अध्यक्ष कचरूआबा, उपाध्यक्ष बालकिशन शेठजी. देखभालीला माणूस पाहिजे होता, आणि कल्याण घरी रिकामा बसून होता.

जालन्यात सिव्हिलच्या डिप्लोमाची दोन वर्षं काढून त्यानं कॉलेज सोडलं होतं. का सोडलं, हे कोणी विचारलं नाही. वाया गेला, एवढं मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि तसं ठरवणाऱ्यांत पहिले कचरूआबा. आबा म्हणजे त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ, जुन्या पाटलांच्या घरातले शेवटचे कर्ते. वतन जाऊन साठ वर्षं झाली होती. ऐट कुठंही गेली नव्हती. लग्न असो की मयत, आबा येऊन बसल्याशिवाय पंगत बसायची नाही आणि तिरडी उचलायची नाही. कल्याणला त्यांचा मनापासून राग होता. या म्हाताऱ्यांनी गाव स्वतःच्या ढेंगेखाली दाबून ठेवलं आणि आता त्यालाच इतिहास म्हणून राह्यलेत, असं तो आईला जेवताना सांगायचा. नंदाबाई म्हणायची, बोल घरात, बाहेर बोलू नको, कामाला लावलंय त्यांनी.

काम सोपं होतं. सकाळी सातला चार कुलपं काढायची, झाडायचं, आणि शेवटी चावडीपुढचं फरशीचं अंगण पाइपनं धुवायचं. चावडी म्हणजे तीन भिंती, पुढं सहा लाकडी खांब, आत पाटलाची दगडी बैठक. एका खांबाजवळ कल्याणचं टेबल. तिथं बसून तो पाट्या रंगवायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं, हे एक गावानं मान्य केलं होतं.

२

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. अंगण धुऊन तो पाइप गुंडाळत होता. सगळी फरशी काळीभोर ओली, आणि मधोमध एका दगडावर दोन कोरडे डाग. शेजारी शेजारी. पावलांएवढे.

त्यानं पुन्हा पाणी मारलं. डाग भिजले, आणि तो दहापर्यंत मोजेस्तोवर सुकून वर आले. आजूबाजूची फरशी अर्धा तास ओली होती.

कल्याण भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. दगड सारखा नसतो, एखादा जास्त पाणी पितो, एवढं दोन वर्षांत शिकला होता. घासून घासून खड्डा पडला असेल, तिथं सच्छिद्र असेल. त्यानं खाली बसून तळहात ठेवला. खड्डा नव्हता, दगड सपाट होता. पण गरम होता. सकाळचे साडेसात, ऊन अजून वेशीच्या कमानीवरसुद्धा आलेलं नव्हतं, आणि त्या दोन डागांखालचा दगड दुपारी तीनला असावा तसा चटका देत होता.

त्यानं चप्पल काढून आपला पाय त्यावर ठेवून पाहिला. डाग त्याच्या पावलापेक्षा दोन बोटं मोठा निघाला. डागांची बोटं चावडीकडं होती.

त्या दिवशी त्यानं कारण शोधलं नाही. खाली धान्य साठवायचं जुनं पेव असेल, त्यातली वाफ असेल, अशी स्वतःची समजूत घातली. मार्चमध्ये पेवातून वाफ येत नाही, हेही त्याला माहीत होतं.

३

गोजरबाई आली ती एप्रिलमध्ये. वेशीबाहेरच्या वस्तीतली, साठी उलटलेली, झाडू बांधून विकणारी. फरशीवर ती चढली नाही. कडेच्या मातीत उभी राहिली. कल्याणनं दोनदा वर बोलावलं तरी तिनं मान हलवली.

चावडीची पाटी तूच लिहून राह्यला का, असं तिनं विचारलं. मग सांगितलं. शहात्तर सालचा मे. तिचा बाप लिंबाजी शेठजींच्या आडतीवर हमाल होता. गोदामाची किल्ली हरवली. बालकिशन तेव्हा तरणा, नुकता गादीवर बसू लागलेला. त्यानं लिंबाजीचं नाव घेतलं. लिंबाजीला चावडीवर बोलावलं. इथली एक रीत होती: चावडीनं बोलावलेला माणूस मधल्या दगडावर उभा राहायचा आणि ज्यानं उभं केलं त्यानंच ‘बस’ म्हणेपर्यंत बसायचा नाही. उभं केलं कचरूनं, त्याचा बाप परगावी होता म्हणून. दहा वाजता. बाराला जेवणाची हाक आली. कचरू गेला, जेवला, झोपला.

“बस म्हणायचं राहूनच गेलं,” गोजरबाई म्हणाली. “मी बारा वर्षांची. पाणी घेऊन आल्ते. बाप म्हणला, जवळ येऊ नको, तुलाबी उभं करतील. पाच वाजता तो पडला. दिवस बुडायच्या आत गेला.”

किल्ली त्याच रात्री बालकिशनच्याच कोटाच्या खिशात सापडली.

तिला काही नको होतं. पाटीवर एक ओळ पाहिजे होती, बापाच्या नावाची. गावात त्याचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं, ना सातबाऱ्यावर, ना कुठल्या दगडावर. कल्याणचं डोकं भणभणलं. तो म्हणाला, मावशी, लिहिणार. कोण आडवा येतो ते बघतो. ती हसली. म्हणाली, लेकरा, शब्द दिला बघ.

तिची नजर मात्र सारखी फरशीवर जात होती. त्या मधल्या दगडावर. तिला काही दिसत होतं का, हे कल्याणनं विचारलं नाही. फरशी सकाळीच धुतलेली, कधीची वाळली होती.

४

समितीच्या बैठकीत त्यानं ओळ वाचून दाखवली. कचरूआबांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

“कोणी बांधून ठिवलं होतं का त्याला?” आबा म्हणाले. “पाय होते ना? जायचं होतं निघून.”

कल्याण त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिला. पन्नास वर्षं या माणसानं हे वाक्य जवळ बाळगलं असेल, घासूनपुसून. तो ताडकन म्हणाला, तुमच्याच रितीनं उभा होता तो. तुम्ही म्हणला असता तर बसला असता. एका शब्दाचं काम होतं.

शेठजी खाली मान घालून अंगठीशी चाळा करत होते. हळूच म्हणाले, “किल्ली माझ्याच खिशात होती, ते बराबर हाय. रातीला म्हणलो, पण दुपारीच घावली होती. मी सांगाया येऊन राह्यलो होतो. पण ऊन फार होतं.”

ऊन फार होतं. कल्याणला वाटलं हसावं. त्यानं हसायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आबांनी शांतपणे दुसरा विषय काढला. देखभालीची जागा पक्की होणार होती. कागद जिल्ह्याला गेला होता, वर अध्यक्षाची सही लागायची. आबा म्हणाले, नंदा परवा रडत होती, पोराचं काही होईल का म्हणून. ज्याला कॉलेज पुरं करता आलं न्हाई त्याला कोण उभं करणार? आम्हीच ना? मंग जल्दी ठरव.

कल्याणनं ठरवायला चार दिवस घेतले. हे चार दिवस त्यानं पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितले, जणू चार दिवस म्हणजे विरोधच. पाचव्या दिवशी त्यानं निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं, आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं: ‘या चावडीत गावाचे तंटे सामोपचाराने मिटत असत. येथे आलेला माणूस समाधानाने परत जाई.’

शेवटचं वाक्य आबांनी सांगितलेलं नव्हतं. पत्र्यावर जागा रिकामी राहत होती, म्हणून ते कल्याणनं स्वतःच्या मनानं घातलं.

५

पाटी खिळ्यांवर बसली आणि दुसऱ्या दिवशी डाग एक फरशी पुढं होते.

त्यानं आधी मोजणीची चूक धरली. खडूनं खूण केली. तीन दिवसांनी खूण मागं राहिली आणि डाग आणखी एक फरशी पुढं. चालल्यासारखे नाही; दोन्ही पावलं नेहमी जुळलेली, नेहमी उभी. पायरी आली. मग पायरीच्या वर, खांबांच्या आत. आतली फरशी धुवायची गरज नव्हती, तरी कल्याण रोज धुऊ लागला, कारण न धुता तिथं बसणं त्याहून वाईट होतं.

त्याला वाटत होतं, ते पाटलाच्या बैठकीकडं जातील. जावोत, असंच त्याला वाटत होतं. आबांनी कधीतरी पाहावं. पण मेच्या पहिल्या सोमवारी त्यानं पाणी मारलं, दहापर्यंत मोजलं, आणि डाग बैठकीकडं तोंड करून नव्हते. वळले होते. त्याच्या टेबलासमोर, हातभर अंतरावर, बोटं त्याच्या खुर्चीकडं.

त्यानं टेबल उचलून दुसऱ्या खांबाजवळ नेलं. दुसऱ्या दिवशी डाग त्या खांबाजवळ होते.

आईला सांगावं असं मनात आलं. पण डाग सांगायचे म्हणजे ओळही सांगायची, आणि ओळ का लिहिली नाही तेही. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

त्याच आठवड्यात कल्याण आडत दुकानाच्या दारांना तेल लावत असताना बालकिशन शेठजी जवळ आले. हा माणूस कधी चावडीपुढून जात नाही, शाळेला वळसा घालून जातो, हे कल्याणला आत्ताच जाणवलं. शेठजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि नदीला पूर आलेला असताना पाणी कुठवर आलं असं माणसं विचारतात, तसं विचारलं:

“पाय कुठपर्यंत आले?”

कल्याणच्या हातातलं फडकं तेलाच्या डब्यात पडलं. शेठजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाले, माझा बाप गेल्यावर दुकानात बी आल्ते. गादीपर्यंत. म्हणून मी धंदा जालन्याला नेला. मयंकला, म्हणजे पोराला, इथं राहू दिलं न्हाई. मग म्हणाले, आबाकडं जात न्हाईत ते. आबाला लाज न्हाई. लाज नसलेल्या घरात त्याइला उभं राहायला जागा भेटत न्हाई.

६

उद्घाटन मेच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराला. जिल्ह्याहून साहेब येणार म्हणून चावडीच्या खांबांना आडवं तांबडं कापड ताणलं होतं, वरपासून खाली जेमतेम वीतभर जागा सोडून. साहेबांनी दोरी ओढायची, कापड सरकायचं, पाटी दिसायची.

साडेदहाला गोजरबाई आली. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्याला तेल. कोणीतरी तिला सांगितलं होतं की पाटी झाली. ती म्हणाली, मला वाचता येत न्हाई. तू वाचून दाखव. बापाचं नाव जिथं हाय तिथं मला हात लावू दे.

कल्याणला घाम फुटला. वेशीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, आबा फेटा सावरत इकडंच पाहत होते. बाई पाटीजवळ गेली, साहेबांना काही बोलली, तर? त्यानं तिचा दंड धरला आणि तिला पाटीपासून लांब, अंगणाच्या मधोमध आणलं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या फरशीवर चढली, तीही त्यानं ओढली म्हणून.

“मावशी, इथं उभी राहा,” तो म्हणाला. “साहेब जाऊ दे. मी येतोच.”

ती उभी राहिली. तो दगड कोणता, हे त्याला त्या क्षणी कळलं नव्हतं असं तो पुढं म्हणायचा. ते खोटं आहे. त्याच्या चपलेखाली त्याला चटका जाणवला होता.

दोरी ओढली, टाळ्या पडल्या, कापड अर्ध्यावर अडकलं. पाटी दिसली तेवढी पुरली. मग वेस, मग शाळा, मग आडत दुकान. साहेब फोटो काढत होते, कल्याण माहिती सांगत होता, आणि त्याला ते आवडत होतं. साहेब म्हणाले, पोरगा हुशार आहे. आबांनी लोकांसमोर त्याच्या पाठीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदा. शेठजींच्या दुकानामागं दालबाटीची पंगत होती. कल्याण साहेबांच्या शेजारी बसला. तूप पाहिजे तेवढं. जेवण झाल्यावर गाड्या गेल्या, तो तिथंच दुकानातल्या जुन्या गादीवर पंख्याखाली आडवा झाला. डोळा लागला.

जाग आली तेव्हा पंखा बंद होता, लाइट गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार. उजवा तळवा भाजल्यासारखा झोंबत होता. त्यानं पाय जवळ घेतला, आणि मग त्याला आठवलं.

७

तो अनवाणी पळाला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शाळेचा कोपरा वळताना त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता: सावली पाच पावलांवर आहे. पाच पावलांवर. कोणी बांधून ठेवलं नाही तिला. पाय आहेत. गेली असेल निघून.

हे आपण कोणाचं वाक्य म्हणतोय, हे त्याला कळलं आणि त्याचे पाय जागच्या जागी थबकले.

अंगणात गोजरबाई उभी होती. हात पोटाशी, पदर कपाळापर्यंत, डोळे मिटलेले. ओठ चुन्यासारखे पांढरे. हलत नव्हती. तिच्या पुढं, चावडीत, अर्धं अडकलेलं तांबडं कापड वाऱ्याशिवाय सरळ लोंबत होतं, आणि कापडाच्या खालच्या वीतभर फटीत पावलं होती.

दोन. काळी, भेगाळलेली, टाचा जुळवलेली. त्यांची बोटं बाहेर होती, गोजरबाईकडं. कोणी सावलीतून हाक मारत असावं पण येता येत नसावं, तशी ती फरशीच्या कडेला येऊन थांबली होती.

कल्याणनं तोंड उघडलं. “बस,” तो म्हणाला. “मावशी, बस. खाली बस.”

तिनं डोळे उघडले. गुडघे वाकवून ती सावकाश खाली बसली, पाटावर बसावं तशी, लुगडं नीट आवरून. तो तिच्याजवळ पोचला तेव्हा तिचं अंग चुलीसारखं तापलेलं होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता.

“मला वाटलंच, तू इसरणार न्हाईस,” ती म्हणाली. “लेकरू येतं म्हणलं. बापालाबी तेच सांगत होते.”

कापडाखाली त्यानं पुन्हा पाहिलं नाही.

जाफराबादच्या रस्त्यावर, जीपमध्ये, त्याच्या मांडीवर ती गेली. आबा म्हणाले, उन्हाचं निमित्त झालं, म्हातारं माणूस, बिलकुल कोणाचा दोष न्हाई. गावानं तेच म्हटलं. तिला ‘इथं उभी राहा’ असं कोणी सांगितलं होतं, हे कोणी विचारलं नाही आणि कल्याणनं सांगितलं नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगण धुतलं. नोकरी होती. दहापर्यंत मोजलं.

आत, टेबलासमोर, काही नव्हतं. पायरीवर काही नव्हतं. मधल्या दगडावर मात्र दोन डाग सुकून वर आले होते, जुळलेले, बोटं चावडीकडं. लिंबाजीची पावलं मोठी होती, गोजरबाईची लहानखुरी. ही मधली होती.

त्यानं पाय ठेवून पाहिला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, केसाचा फरक नव्हता.

त्या महिन्यात त्यानं एका कोपऱ्यात, लहान अक्षरात, पाटीवर लिंबाजीचं नाव घातलं आणि खाली गोजरबाईचं. समितीनं ते खरवडून काढायला त्यालाच लावलं, आणि त्यानं काढलं. शेठजी आता गावात येत नाहीत. कचरूआबा दोन्ही वेळा पाटावर मांडी घालून जेवतात आणि दुपारी झोपतात. त्यांना काही दिसत नाही.

संध्याकाळी नंदाबाई ताट वाढते. कल्याण वाकायला जातो. गुडघे दुखतात असं नाही, डॉक्टरनं पाहिलंय, काही नाही. पण अर्ध्यावर तळव्यांतून चटका वर चढतो आणि ज्यानं सांगायला पाहिजे त्यानं अजून सांगितलेलं नाही, हे त्याला आठवतं. “बस ना रे बाबा,” आई म्हणते. रोज म्हणते. तिच्या म्हणण्याचा उपयोग होत नाही, कारण उभं तिनं केलेलं नाही; ‘आम्हीच ना?’ म्हणाले ते आबा.

कागद मंजूर झाला, जागा पक्की झाली. अकरा महिने झाले, कल्याण खाली बसलेला नाही.